मुतिर्दिसचा मुलगा

ओळ वाचून संपली तरी पक्रोरच्या तोंडातून आवाज निघाला नव्हता. मूर्ती त्याच्या डाव्या तळहातावर होती. वीतभर उंचीची इसिस, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. तिच्या पायांखालच्या बैठकीच्या कडेने कोरलेली ओळ तो उजव्या अंगठ्याने पुसत पुसत वाचत आला होता, सकाळपासून शंभर-दीडशे ओळी वाचल्या तशीच, अर्ध्या लक्षाने. ‘इसिस जीवन देवो पक्रोरला, हारबेसच्या मुलाला’ इथपर्यंत तो सवयीने आला आणि अडखळला. स्वतःचं नाव ओळखू यायला परक्याच्या नावापेक्षा जास्त वेळ लागतो, हे त्याला त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. हारबेस हे त्याच्या वडिलांचं नाव, पक्रोर हे त्याचं. पक्रोर म्हणजे बेडूक, आणि अख्ख्या मेम्फिसमध्ये दुसरा पक्रोर त्याने पाहिला नव्हता. अंगठा पुढे सरकला. ‘आई, गृहस्वामिनी मुतिर्दिस.’ त्याने ते पुन्हा वाचलं. कांस्यावर चढलेला हिरवा जंगाल नखाने खरवडून तिसऱ्यांदा वाचलं. त्याच्या आईचं नाव तामिऊ होतं. ती घरी होती, जिवंत होती, आणि सकाळीच त्याला म्हणाली होती की येताना मासे आण, लहान आणू नकोस, काटे काढायला माझे डोळे राहिले नाहीत.

“काय रे बेडक्या, झोपलास का?” देवळाचा म्हातारा पुजारी अंखहापी पलीकडून ओरडला. कोठाराच्या दाराशी चटईवर पाय पसरून तो बसला होता आणि मुंडण केलेल्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून समोरच्या माणसाला लिननच्या पट्ट्या कापायला सांगत होता. वयाने आणि वाळूने त्याचे डोळे गेल्यात जमा होते, म्हणून तर मंदिराने पक्रोरला बोलावलं होतं. इसिसच्या देवळातलं हे कोठार भक्तांनी वाहिलेल्या कांस्याच्या देवांनी इतकं भरलं होतं की नव्याला जागा उरली नव्हती. ओसिरिस एकमेकांना चिकटून जंगालाने एकजीव झाले होते, मांजरींच्या कानांतले डूल शेजारच्या ससाण्याच्या चोचीत अडकले होते. देवाला दिलेलं वितळवता येत नाही, फेकता येत नाही. म्हणून दर पन्नास-साठ वर्षांनी उत्तरेच्या आवारात खड्डा खणून सगळे गुंडाळून आत ठेवायचे, आणि त्याआधी प्रत्येकावर लिहिलेलं नाव एकदा मोठ्याने वाचायचं. माणूस मेला असो, जगत असो, देवाच्या कानावर शेवटचं घालायचं. पक्रोर स्वतः नावं कोरणारा. चिकटलेले देव छिन्नीने सोडवायचे आणि नावं वाचायची, ही दोन्ही कामं त्याला येत होती.

“जंगाल फार चढलाय, काका. अक्षर लागत नाही.”

“खरवड थोडं. देवाला गुदगुल्या होत नाहीत.”

“काका, पक्रोर नावाची माणसं या शहरात किती असतील?”

“तू आहेस ते पुरत नाही का?” अंखहापी हसला आणि त्याला खोकला आला. “पोराचं नाव बेडूक ठेवायला बाप पिऊन असावा लागतो. आता हारबेस तर दारूला शिवतही नव्हता. म्हणजे तुझं प्रकरण आणखीच अवघड.”

पट्ट्या कापणारा माणूसही हसला. पक्रोर हसला की नाही ते त्याला आठवेना. त्याने इसिसला वाचलेल्यांच्या ओळीत ठेवलं, पुन्हा उचललं, आणि न वाचलेल्या मूर्तींच्या मागे, भिंतीला टेकलेल्या रिकाम्या रांजणाआड ठेवलं. मग त्याने पुढची मूर्ती घेतली आणि कुणा एका अमुकाच्या मुलासाठी जीवन मागितलं. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

पण खरं म्हणजे त्याला बेचैन करत होतं ते नाव नव्हतं. ते अक्षर होतं. चित्रलिपीतली पाण्याची खूण कोरताना नागमोडी रेघेला सहा-सात वळणं देतात. हारबेस पाच देत असे आणि पाचवं वळण किंचित वर उचलत असे, जणू कुणीतरी हाक मारल्यामुळे त्याने मध्येच मान वर केली. मूर्तीवरच्या ओळीतही तेच वळण होतं, आणि ते पक्रोरने लहानपणी हजार वेळा पाहिलं होतं. वडिलांच्या मांडीवर बसून, त्यांच्या हाताखाली आपला हात धरलेला, कोरणीचा थरथराट मनगटातून कोपरापर्यंत चढताना. एकदा ओतशाळेत मेणाची मूर्ती मातीच्या लेपात बंद होताना पाहून त्याने विचारलं होतं, तापवल्यावर आतलं मेण कुठे जातं? धुरात, वडील म्हणाले होते. मग आत काय राहतं? काही नाही, आत जागा राहते, त्या जागेत कांसं ओतायचं. लहानपणी हे उत्तर त्याला फार आवडलं होतं. आता, उन्हात कोठाराच्या पायरीवर बसून तळहातावरचा हिरवा डाग बघताना, ते उत्तर त्याला उगाचच कुठेतरी टोचलं, आणि आपण कसला विचार करायला लागलो म्हणून त्याने हात मांडीला पुसला. वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणजे ही ओळ त्यांनी कोरली, ती आपल्यासाठी कोरली, आणि खाली दुसऱ्याच बाईचं नाव घातलं. चूक? हारबेस नाव चुकणाऱ्यांतला नव्हता. नाव चुकलं तर देणगी भलत्याच्या खात्यावर जाते, असं तो गिऱ्हाइकांना समजावून सांगत असे आणि आईचं नाव दोनदा विचारून घेत असे. बाप कोण ते लोक सांगतील ते खरं, पण आई चुकली की माणूसच चुकला, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

घरी जाताना पक्रोर प्ताहच्या देवळाच्या दक्षिणेची भिंत धरून चालत राहिला, नेहमीच्या वाटेने, आणि तरी दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला. ओतशाळांमधून भात्याचे उसासे येत होते, जळक्या मेणाचा गोड वास येत होता. या वासात तो वाढला होता. या वासाला तो घर म्हणत असे. आता त्याला वाटलं, घर म्हणजे नक्की कुठलं? मुतिर्दिस नावाची कोणी बाई आपल्याला जन्म देऊन मेली असेल. किंवा मेली नसेल. हारबेसने तिला सोडलं असेल, तिनं हारबेसला सोडलं असेल, ती नदीच्या पलीकडे कुठेतरी म्हातारी झाली असेल, बाजारात कांदे विकत असेल, आणि त्याने तिच्याकडून कांदे घेतलेही असतील. त्याने समोरच्या कांदेवालीकडे पाहिलं. ती त्याच्याहून लहान होती. तो कसनुसा झाला. नऊ वर्षांचा असताना त्याला विंचू चावला होता, तेव्हा मंत्र म्हणणाऱ्याला आईने दारातूनच ओरडून सांगितलं होतं, “पक्रोर, तामिऊच्या पोटचा!” आणि त्या माणसाने तेच नाव घेऊन विषाला खाली उतर म्हणून दटावलं होतं. विष उतरलंही होतं. आईचं नाव खोटं असतं तर विष ऐकलं असतं का? एवढं आठवून त्याला हायसं वाटलं, आणि चार पावलांवर दुसरंही आठवलं. तो हात पुढे दोन महिने बधिर होता. अजूनही थंडीत करंगळी जड होते. म्हणजे विषाने अर्धंच ऐकलं होतं की काय? त्याने मुठी आवळून पाहिल्या. दोन्ही करंगळ्या सारख्याच वाटल्या. त्याने मासे घेतले, मोठे घेतले, आणि मोबदल्यात काय दिलं, धान्य की तांब्याचा तुकडा, हे घरी पोचेपर्यंत त्याला आठवेना.

तामिऊ अंगणात सावलीत बसली होती. सत्तरी उलटलेली, लहानखुरी, आयुष्यभर वाळूमिश्रित भाकरी चावून दात हिरड्यांपर्यंत झिजलेले. पण जिभेला झीज माहीत नव्हती. पक्रोरची बायको गेल्यापासून आणि मुलगी लग्न होऊन उत्तरेला गेल्यापासून या घरात दोघंच होते, आणि तामिऊ दोघांपुरतं बोलत असे.

“हे मासे आहेत की बैल? एवढे मोठे कशाला आणलेस?”

“तूच म्हणालीस मोठे आण.”

“मोठे म्हणजे मोठे. राजाच्या घरचे नव्हे. सुरी दे.”

तो समोर दगडावर बसला आणि तिच्या हातांकडे बघू लागला. नखं जाड, पिवळसर, बोटांची पेरं फुगलेली. त्याने आपले हात पाहिले. अंगठे सारखे आहेत का? मुतिर्दिसचे अंगठे कसे असतील? आईचा चेहरा त्याने कधी बघितलाच नव्हता असं त्याला वाटलं. म्हणजे तो रोज दिसत होता, पण नदी दिसते तसा. नदीला नाक कसं आहे हे कोण बघतं? आता ते नाक वेगळंच दिसायला लागलं, शेजारणीच्या घरात असावं तसं. तो घाबरला आणि त्याने नजर माशांकडे वळवली.

“आई, मी कुठे जन्मलो?”

“पोटात. आणि कुठे?”

“तसं नाही. कसा जन्मलो?”

तामिऊने वर न बघता खवले काढत ती गोष्ट सुरू केली. ती गोष्ट त्याला पाठ होती. त्या वर्षी पूर एवढा चढला की पाणी उंबऱ्याला लागलं. सुईण नावेतून आली. आणि अंगणात, चुलीवर, पाण्याच्या घड्यात, जिथे बघावं तिथे बेडूक. ते ओरडत होते आणि ही ओरडत होती, आणि हारबेस दाराशी बसून म्हणाला, यात आपलं पोर कुठलं ते ओळखायचं कसं? म्हणून नाव पक्रोर. गोष्ट इथे आली की लहानपणी तो नेहमी हसायचा. त्याला ते बेडूक स्वतःला आठवतात असंही वाटायचं, उंबऱ्याला लागलेलं पाणी, सुईणीचे ओले पाय. तामिऊ थांबली. हसण्याची जागा रिकामी गेली होती.

“काय झालंय तुला?”

“मुतिर्दिस कोण आहे?”

सुरी थांबली नाही. हे त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं, की सुरी थांबली नव्हती. माशाच्या पोटातून तिने सगळं एका ओढीत बाहेर काढलं, बाजूला टाकलं, मांजरीला हुसकलं, हात घड्यातल्या पाण्याने धुतले, आणि मग म्हणाली, “कोणी सांगितलं?”

“इसिसच्या देवळात मूर्ती आहे. बाबांचं अक्षर आहे. माझं नाव आहे आणि खाली—”

“अजून आहे ती?” तामिऊ म्हणाली. “मला वाटलं होतं वितळवली असेल कोणीतरी.”

“आई, कोण आहे ती?”

“मी,” ती म्हणाली. “आणखी कोण असणार? माझ्या आईबापाने ठेवलेलं नाव आहे ते. मुत देवीने दिलेली, म्हणून मुतिर्दिस. तामिऊ हे तुझ्या बापाने ठेवलं. मांजर. मी सगळ्यांवर फिस्कारायचे तेव्हा.”

त्याच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की त्याला स्वतःची लाज वाटली. एवढंच होतं! एकाच बाईची दोन नावं. शहरातल्या निम्म्या लोकांना दोन नावं असतात, एक लिहिण्याचं, एक हाकेचं. तो हसायलाही लागला होता, आणि विचारणार होता की मग इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही, तेव्हा त्याला दिसलं की ती हसत नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मांजर पुन्हा आली होती आणि ती तिला हुसकत नव्हती.

“पण ते नाव तुझं नाही,” तामिऊ म्हणाली.

“कुठलं?”

“पक्रोर. म्हणजे तुझंच आहे. पण त्या मूर्तीवरचं तुझं नाही. तो आधीचा.” तिने ओला हात कपाळाला लावला. “पुरात झाला तो. तू नाही. तू कापणीच्या दिवसांत झालास, धुळीच्या वाऱ्यात. सुईण आलीच नाही. मी कांदे चिरत होते, आणि तू आलास. बेडूक नव्हते, काही नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलंच नाही तुझ्या वेळी.”

मग तिने सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, मध्ये माशांना मीठ चोळत, मध्ये शेजारणीला ओ देत. तो आधीचा तीन वर्षांचा झाला होता. बोलका होता, ओतशाळेत जाऊन भात्यावर बसायचा. ताप आला तो उतरेना. हारबेसने स्वतः मेण घेऊन इसिस केली, लेप दिला, वाळवली, भाजली, ओतली. हे काम घाईने होत नाही. लेप ओला असला तर फुटतो. तिने चार दिवस पोराला मांडीवर धरून वाट पाहिली. “साचा फोडला आणि मूर्ती थंड झाली,” तामिऊ म्हणाली, “तेव्हा पोरगंही थंड होतं. आणि तुझा बाप काय करत होता माहीत आहे? नाव कोरत होता. मी म्हटलं, कोणासाठी कोरतोस? तर म्हणे, अर्धं सोडायचं नसतं. जीवन देवो, असं कोरत होता. मी समोर बसले होते, मांडीवर ते तसंच, आणि हा कोरत होता, ठक ठक ठक. माझं नाव कोरताना मी म्हटलं, हे घालू नकोस. मुतने दिलेली! मला आईबापाला दिलं, आणि मला दिलेलं घेतलं. पण तो ऐकतोय कुठे? त्या दिवसापासून मी त्याला सांगितलं, या नावाने हाक मारलीस तर घरात चूल पेटणार नाही.”

“आणि माझं नाव?”

“तुझं काय?”

“मला तेच का ठेवलंत?”

तामिऊला हा प्रश्न कधी पडलेला दिसत नव्हता. तिने मासे उलटून दुसऱ्या बाजूलाही मीठ चोळलं.

“ते नाव घरात फिरत होतं,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या तोंडात बसलं होतं. भाकरी झाली की मी हाक मारायचे. दोन वर्षं मारत होते. ओ द्यायला कोणी नव्हतं. मग तू झालास, आणि एक दिवस तू ओ दिलीस.”

मासा चांगला झाला होता आणि पक्रोरने तो सगळा खाल्ला, आपल्याला इतकी भूक कशी लागते याचं नवल करत. त्याच्या डोक्यात काही एक जागेवर राहत नव्हतं. आई हरवली होती ती सापडली, यात आनंद होता. पण आई सापडताना तो स्वतःच कुठेतरी बाजूला सरकला होता, जसा बाकावर तिसरा माणूस येऊन बसला की सरकावं लागतं. बेडूक आठवतात असं जे वाटत होतं ते कुणाचं आठवणं होतं? भात्यावर बसलेलं त्याला आठवत होतं. ते कोण बसलं होतं? वडील हात धरून कोरायला शिकवत तेव्हा पाचवं वळण वर का उचलत? त्याला वाटायचं, अक्षराला ऐट यावी म्हणून. आता वाटलं, दाराशी कोणी आलं का ते बघायला मान वर करत असतील. मग वाटलं, हे आपण आत्ता जुळवतोय; ते वळण मुलगा जाण्याच्या आधीही तसंच असेल, कुणाला ठाऊक. एखादी गोष्ट कळली की मागचं सगळं तिच्याकडे तोंड करून उभं राहतं, मग ते तसं असो वा नसो. त्याला त्या तीन वर्षांच्या पोराचा राग आला. लगेच त्या रागाची शरम वाटली. ते पोर आज असतं तर पन्नाशीकडे झुकलेलं असतं, त्याच्याहून वडील, टक्कल पडलेलं, आणि नावं कोरण्याचं काम त्याच्याकडे गेलं असतं. मग आपण काय केलं असतं? आपलं नाव काय असतं? असा एक माणूस, ज्याचं नाव कुणी ठेवलंच नाही, त्याने कल्पनेत बघायचा प्रयत्न केला. चेहरा येईना. आणि त्या ओळीतलं मागणं! इसिसने पक्रोरला जीवन द्यावं, हारबेसच्या मुलाला. देवीने ऐकलं नाही असं आई म्हणते. पण पक्रोर, हारबेसचा मुलगा, त्रेचाळीस वर्षं जगलाच होता. देवीने उशिरा ऐकलं असेल, आणि पत्ता बरोबर असून माणूस चुकला असेल. यावर हसावं की काय करावं हे त्याला समजेना.

सकाळी तो उठला तेव्हा तामिऊ दारात तयार होती. पांढरं वस्त्र, सणाला घालायच्या चपला, डोळ्यांत काजळ, तेही एका बाजूला फरफटलेलं.

“कुठे निघालीस?”

“तुझ्याबरोबर. चल.”

“तिथे बायकांना आत सोडत नाहीत, आई. कोठार आहे ते.”

“मग बाहेर आण. तिला पाय नाहीत, तुला आहेत.”

वाटेत ती तीनदा थांबली, दम लागला म्हणून, आणि तिन्ही वेळा दुसरंच कारण सांगितलं. या देवळाकडे ती कधीच येत नसे. सणाला शेजारणी बोलवायला आल्या की तिचे गुडघे दुखत. पक्रोरने ते गुडघे कायम खरे मानले होते. आवारात शिरताना ती जराशी वाकली, नमस्कारासाठी की पायरीसाठी ते कळलं नाही. अंखहापीने आवाजावरून तिला ओळखलं आणि उठायचा प्रयत्न करून सोडून दिला.

“तामिऊवहिनी? अहो, तुम्ही इकडे? गुडघे बरे झाले वाटतं!”

“तुमचे डोळे बरे झाले का? तसेच माझे गुडघे.”

पक्रोरने रांजणाआडून मूर्ती आणली. रात्रीतून कुणी हलवली असेल अशी त्याला अर्धवट आशा होती आणि अर्धवट भीती. तामिऊने ती दोन्ही हातांत घेतली आणि प्रथम तिचा वास घेतला. मग अंगठ्याने देवीचा चेहरा चाचपला.

“नाक बघ. त्याला नाक कधी जमलं नाही. बाळाचं तरी नीट करायचं.” तिने बाळाच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग मूर्ती उलटी करून बैठकीची मागची बाजू दाखवत म्हणाली, “इथे काही लिहिलंय का?”

“नाही. मागची कड कोरी आहे.”

“मग दुसरा पण लिही.”

“काय?”

“दुसरा. तू. एकाचंच लिहिलंय. मला दोन झाले.”

अंखहापीने मान हलवली. “वहिनी, देवाला वाहिलेल्या वस्तूवर पुन्हा हत्यार लावत नसतात. शिवाय आज सगळं गुंडाळून व्हायचंय. उद्या खड्डा बुजवणार.”

“ज्याने वाहिली त्याला लावता येत नाही का?”

“ज्याने वाहिली त्याला… येतं म्हणा. म्हणजे बंदी कुठे लिहिलेली नाही.”

“ही मी वाहिली आहे. माझं नाव आहे तिच्यावर. वाच रे.”

पक्रोरने वाचलं. काल जे तोंडातून निघालं नव्हतं ते आज मोठ्याने निघालं, पक्रोर, हारबेसचा मुलगा, आई गृहस्वामिनी मुतिर्दिस. पट्ट्या कापणारा माणूस हात थांबवून बघू लागला.

“पण तुमचं नाव तर तामिऊ ना?” अंखहापी गोंधळून म्हणाला.

“आज नाही,” ती म्हणाली. “उद्यापासून पुन्हा तेच.”

पक्रोर सावलीत बसला. मूर्ती त्याने वाळूच्या पिशवीवर आडवी ठेवली, कोरणी काढली, हातोडी काढली. पंचवीस वर्षांत त्याने किती नावं कोरली याचा हिशोब नव्हता. गिऱ्हाईक नाव सांगून पाणी प्यायला जाई आणि येईपर्यंत ओळ तयार असे. आता कोरणीचं टोक धातूला टेकलं आणि पुढे जाईना. एकाच बैठकीवर पुढे पक्रोर आणि मागेही पक्रोर, तोच बाप, तीच आई; वाचणाऱ्याला वाटेल कोरणारा विसरला आणि दोनदा लिहून बसला. वेगळं काय लिहायचं? आणि मागायचं काय? ‘जीवन देवो’ ही खूण तो डोळे मिटून काढू शकत होता, पण ती आजवर नेहमी दुसऱ्यासाठी होती.

“आई, काय मागू?”

“त्याच्यासाठी मागितलं तेच. आणखी काय मागतात?”

“मी तर आहे ना जिवंत.”

“मग काय झालं? बास झालं का तुला?”

त्याने लिहायला घेतलं. इसिस जीवन देवो. काळपट हिरव्या कातडीखालून धातू लालसर पिवळा वर येत होता, नुकत्याच सोललेल्या फळासारखा. पाण्याची खूण आली तेव्हा हाताने आपोआप पाच वळणं घेतली. पाचव्यावर त्याने मान वर केली नाही. पण वर करावीशी वाटली, आणि ती इच्छा आपली की शिकवलेली, हे त्याला ठरवता आलं नाही. मग नाव. पक्रोर. मग त्याच्या मनात नसताना, म्हणजे मनात कधी आलं हे न कळता, नावापुढे त्याने एक लहानशी खूण काढली. घरात दोघांचं नाव एकच असलं की लोक कोरून घेतात ती. पक्रोर, धाकटा. कोरून झाल्यावर तो त्या शब्दाकडे बघत बसला. आयुष्यात त्याला कोणी धाकटा म्हटलं नव्हतं. एकुलता एक म्हणून त्याचे लाड झाले होते, एकुलता एक म्हणून त्याने बापाला खांदा दिला होता, एकट्याने सुतकाचे दिवस काढले होते. आता गुडघे दुखायला लागण्याच्या वयात, एका उन्हाच्या सकाळी, तो कुणाचा तरी धाकटा भाऊ झाला होता, आणि तो थोरला अजून तीन वर्षांचा होता. त्याने वडिलांचं नाव, आईचं नाव पुरं केलं.

“झालं?” तामिऊने हात पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं आणि दिसतही फारसं नव्हतं. तिने मूर्ती मांडीवर घेतली. “कुठे आहे थोरला?”

त्याने तिचं बोट धरून पुढच्या कडेवर ठेवलं. “हा. बाबांनी लिहिलेला.”

“आणि तू?”

बोट मागे नेलं. “हा. धाकटा म्हणून लिहिलंय.”

“धाकटा,” ती म्हणाली, आणि तिने मान डोलावली. तिने मूर्ती हातात फिरवली, एकदा, दोनदा, पुन्हा उलट, जसं माणूस अंधारात किल्ली चाचपतो. अंखहापी पट्टी हातात घेऊन उभा होता. पट्टी कापणाऱ्याने घसा खाकरला. तामिऊने शेवटी फिरवणं थांबवलं आणि अंगठा एका जागी घट्ट दाबून धरला. तिथे हिरवा जंगाल होता, जुनं, झिजलेलं, पाच वळणांचं अक्षर होतं.

“हा तू,” ती म्हणाली. तिचा चेहरा त्याच्याकडे होता आणि डोळे थोडे बाजूला, जिथे तो असेल असं तिला वाटत होतं तिथे. “हो ना रे पक्रोर?”

तो सांगणार होता की आई, हा नाही, मी मागे आहे. त्याने तोंडही उघडलं होतं.

“हो आई,” तो म्हणाला. हे आपण कुणाच्या वतीने म्हटलं, ते त्याला कळलं नाही.